वहिनींचं गाणं दुसऱ्या विंगेत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्या आधी माझ्या वहिनींचं नाव घेईन. इथं ते लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही, आणि मी त्यांना आयुष्यात कधी नावानं हाक मारलेलीही नाही.

लग्न होऊन त्या वैजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी आल्या तेव्हा मी चौथीत होतो. मी अर्ध्या चड्डीत, नाक पुसत फिरणारा, आणि त्या पहिल्या दिवसापासून मला ‘भावजी’ आणि ‘तुम्ही’ म्हणायच्या. शाळा सुटली की गुरं वळायचं काम माझ्याकडं होतं. एकदा आजारी गुरुजी उशिरा का होईना येतील म्हणून मी शाळेच्या ओट्यावर बसून राहिलो आणि गुरं दुसऱ्याच्या तुरीत शिरली. घरी मला मार बसणार होता. वहिनी मध्ये आल्या आणि दादाला म्हणाल्या, “उद्यापून गुरं मी वळते. त्यांना शाळंत राहू द्या.” नव्या सुनेनं गुरांमागं जायचं म्हणजे गावात बोलणं झालंच. त्यांनी ते ऐकून घेतलं. मी इंजिनिअर होईपर्यंत त्या गुरांमागंच होत्या. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं.

आमच्याकडं वसुबारसेच्या संध्याकाळी गोठ्यात दिवा फिरवतात. घरातली बाई गाणं म्हणते आणि पोरगं दिवा धरतं. गाण्यात ज्या जनावराचं नाव येईल त्याच्यासमोर दिवा थांबतो. कडवं संपलं की जमलेल्या सगळ्यांनी मिळून ‘होऽ’ करायचं आणि दिवा पुढच्या जनावराकडं न्यायचा. गाणं वहिनी म्हणायच्या, दिवा मी धरायचो. त्या गाण्याला मी कधी गाणं समजलो नाही. ते गोठ्यातलं एक काम होतं, वैरण टाकण्यासारखं.

नोकरी लागली ती वाळूजच्या एका कारखान्यात, आणि घर घेतलं ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं. राहायला आलो तेव्हा बाल्कनीतून ज्वारी दिसायची. मग ज्वारीच्या जागी खड्डे दिसायला लागले, खड्ड्यांच्या जागी खांब, आणि खांबांवर आमच्यासारखीच माणसं राहायला आली. आमच्या सोसायटीत समोरासमोर दोन विंगा आहेत, ए आणि बी, मध्ये पार्किंग. आम्ही बीमध्ये. दिवाळीत दोन्ही विंगांच्या बाल्कन्यांना दिव्यांच्या माळा लागतात आणि त्या गाण्याच्या तालावर चालतात. ठेका पडला की दिवा लागतो, सूर चढला की उजेड वरच्या मजल्याकडं चढत जातो. ज्या विंगेला टाळ्या जास्त, ती विंग वर्षभर तोरा मिरवते.

ही प्रथा सुरू केली ए विंगेतल्या एका शेजाऱ्यांनी. ते बँकेत आहेत. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात कचेरीत कारकून होते, वडील प्राध्यापक होते. घरात पेटी आहे, तबला आहे, भिंतीला टेकून एक तंबोरा आहे. आमच्या घरात वाजणारी वस्तू म्हणजे बैलाच्या गळ्यातली घुंगरं. गाणं एकदा कानावर पडलं की हे गृहस्थ सहज सांगायचे, “इथं सम आहे, इथं दिवे भरून येऊ द्या.” वायरिंग, कंट्रोलर, लोड हे सगळं मला त्यांच्यापेक्षा चांगलं कळतं. पण लोक वायरिंगला टाळ्या वाजवत नाहीत. मला त्यांचा हेवा वाटायचा. आदर म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं, पण हेवाच होता. त्यांच्या घरातून पेटीचा आवाज आला तरी मी बाल्कनीचं दार लावून घ्यायचो.

मी सांगतोय ती गोष्ट घडली त्याच्या आदल्या दिवाळीला माझे दिवे गाण्याच्या मागं पडले होते. सुरुवातीला बरोबर, मग थोडे मागं, आणि शेवटी गाणं संपलं तरी माळा आपल्या नाचतायत. लोक हसले. या गृहस्थांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून समजावलं, “गाणं डाऊनलोड झालं तसंच आत घेतलंत ना? ती फाईल कुठं जास्त दाबलेली असते, कुठं कमी. सॉफ्टवेअरचा वेळेचा हिशेब चुकतो. आधी ती एकसारखी करून घ्यायची, सुरुवातीची शांतता कापायची, मग आत घ्यायची.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं, प्रेमानंही सांगितलं होतं, म्हणून तर ते मला वर्षभर बोचलं.

पुढच्या वर्षी पाऊस झालाच नाही. शहरात नळाचा भरवसा गेला आणि सोसायटीत टँकर आला की नोकरदार बायका रजा टाकायला लागल्या. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, “प्यायला पाणी नाय अन् लायटिंग कसली करताय?”

आमच्या विंगेतले एक निवृत्त तलाठी बसल्या जागेवरून म्हणाले, “लायटीला पाणी लागत नाही साहेब. लागत असतं तर एमएसईबीनंच टँकर मागवला असता.”

हशा पिकला आणि ठरलं की या वर्षी फक्त वसुबारसेची संध्याकाळ. प्रत्येक विंगेचं एकच गाणं.

त्याच सुमारास वहिनींच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. दादा जनावरांबरोबर चारा छावणीत होता. गोठा रिकामा होता, म्हणून वहिनी शहरात यायला तयार झाल्या, एरवी आल्या नसत्या. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि झगझगीत उजेडाकडं बघू नका म्हणून सांगितलं. पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. वहिनी पहिल्यांदा दिवाळीला माझ्याकडं आहेत. ज्या पोरासाठी त्या गुरांमागं चालल्या, त्यानं लावलेले दिवे त्या बघतील, आणि सगळी सोसायटी टाळ्या वाजवत असेल. त्या वर्षी मला ए विंगेला हरवायचंच होतं.

मी एक दणदणीत गाणं निवडलं. या वेळी फाईल एकसारखी केली, सुरुवातीची शांतता कापली, गाणं आत घेतलं. स्क्रीनवर आवाजाचे डोंगर दिसतात. गाणं ऐकत ऐकत प्रत्येक ठेक्याला एक कळ दाबायची, म्हणजे तिथं खूण पडते, आणि त्या खुणेला दिवे बांधायचे. चुकलं की तेवढाच तुकडा पुन्हा.

आतल्या खोलीतून वहिनींचा आवाज आला, “भावजी, ह्या गाण्याला फुडं काय हाय का नाय? कवापून तेवढंच वाजतंय.”

“खुणा करतोय वहिनी. एकेका ठेक्याला दिवा लावावा लागतो.”

“लई कष्ट हाय की. ह्याच्यापरीस गुरं वळलेली परवडली.”

दुपारी त्या खाली पार्किंगमध्ये त्या बँकवाल्यांच्या आईजवळ जाऊन बसायच्या. दोघींचं चांगलं जमलं होतं. एक दिवस मी कारखान्यातून आलो तर बायको दारातच म्हणाली, “अहो, ऐकलंत का? वहिनींचं रेकॉर्डिंग झालं ए विंगेत. पंखा बंद करून, खिडक्या लावून. चहा दोनदा.”

“कसलं रेकॉर्डिंग?”

“वसुबारसेचं गाणं. खाली बसून गुणगुणत होत्या, बँकवाल्यांनी ऐकलं अन् मागितलं. ए विंगेचे दिवे त्याच्यावर चालणार आहेत.”

मी बूट न काढता आत गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या, काळा चष्मा लावून.

“वहिनी, तुम्ही त्यांना गाणं दिलंत?”

“मागितलं, दिलं. गाणं दिल्यानं कमी होतंय व्हय?”

“पण आपली विंग बी आहे.”

“विंग म्हंजी?”

“ही इमारत आपली, ती त्यांची.”

“मंग मी काय परमुलखात गाऊन आले व्हय? हितून तिथं तर हाय. चप्पल बी नव्हती घातली.”

“मला कधी म्हणून दाखवलं नाहीत.”

त्यांनी तांदळातला हात थांबवला. “तुम्ही कवा मागितलं?”

मी खाली वाकून बूट काढायला लागलो. मागून बायको म्हणाली, “सासू-सुनेचं पाहिलंय, जावाजावांचं पाहिलंय. दीर भावजयीवर रुसलेला आजच बघते.”

मी रुसलो होतो खरा. आणि वहिनींवर नव्हे, हे मला दुसऱ्या दिवशी बसमध्ये कळलं. इतकी वर्षं मी त्या आवाजाच्या हातभर अंतरावर दिवा घेऊन उभा होतो आणि मला ते गाणं आहे हे कळलं नव्हतं. या माणसानं पार्किंगमधून जाता जाता एकदा ऐकलं आणि त्याला कळलं. दिवे, टाळ्या, पेटी एक वेळ राहू देत. पण माझ्या घरातली गोष्ट माझ्याआधी त्याला ऐकू यावी, हे मला सहन होत नव्हतं.

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी बँकवाले स्वतः लॅपटॉप घेऊन आमच्याकडं आले.

“जरा मदत लागते. तुमच्या वहिनींचा ताल पक्का आहे, पण माझ्या मशीनला तो सापडत नाही. सॉफ्टवेअर सारख्या अंतरावर रेघा मारतं आणि वहिनी कुठंतरी भलतीकडंच थांबतात. दिवे लागतायत ते गाण्याशी जुळतच नाहीत.”

त्यांनी गाणं लावलं. वहिनींचा आवाज आमच्या बैठकीत भरला.

कपिला माझी गाय, तिचं पांढरं कपाळ,
दिवा गेला म्होरं, तिथं उगवली सकाळ.

कडवं संपलं आणि लगेच दुसरं सुरू झालं. मी दचकलोच. “मधले ‘होऽ’ कुठं गेले?”

“ते मी काढले. मध्येच ओरडल्यासारखं यायचं. एकटीचाच आवाज, मागं कुणी नाही. साफ करून घेतलं.”

“तिथं मागं माणसं असतात,” मी म्हणालो. “त्या ‘होऽ’मध्ये दिवा चालतो. तुम्ही त्याचा रस्ताच कापलात.”

त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्यांना न येणारी गोष्ट मला येत होती, आणि तीही गाण्यातली. मला फार बरं वाटलं. पुढं काही न बोलता बसलो असतो तर उद्या त्यांचे दिवे अडखळले असते आणि मैदान माझं झालं असतं. हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण स्पीकरमधून येत होता तो आवाज त्यांचा नव्हता. गाणं पडलं असतं तर वहिनींचं पडलं असतं.

मी म्हणालो, “मूळ रेकॉर्डिंग आहे का? तेच आत घ्या. काही साफ करू नका.”

मूळ गाणं घेतलं. मी कळेवर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. ठेके मोजले नाहीत. दिवा हातात आहे आणि कपिला समोर आहे असं धरून चाललो. कपिला म्हातारी होती म्हणून तिचं नाव वहिनी लांबवायच्या. मोरी गाय मारकी होती, तिच्यापुढून दिवा लवकर न्यायचा. मग वासरू, मग खोंड, मग बैल. सगळ्या खुणा एका दमात पडल्या.

“माळा लावू नका,” मी म्हणालो. “एकच पिवळा दिवा ठेवा. तो एका बाल्कनीतून दुसऱ्या बाल्कनीत चालत जाऊ दे.”

“वा!” ते म्हणाले. त्यांच्या त्या ‘वा’नं मला आनंद झाला आणि त्या आनंदाचाच रागही आला.

उठता उठता ते म्हणाले, “एक कडवं राहिलंय. शेवटचं. गुणगुणताना मी ऐकलं होतं, पण रेकॉर्ड करताना त्या म्हणेनात. म्हणाल्या, ते भावजींना विचारा.”

शेवटचं कडवं मला पाठ होतं. बैलाचं झालं की पोराचं येतं. घरोघरी वसुबारसेला ते म्हणत असतील असंच मी धरून चाललो होतो. बँकवाले गेल्यावर मी वहिनींना विचारलं. बायको त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होती, म्हणून त्या मान मागं टाकूनच बोलल्या.

“बाकीचं गाणं माझ्या आईचं. त्ये एक मी लावलं. तुम्ही दिवा धरून हुभं राहायचे अन् काखंत शाळंची पाटी. खाली ठिवा म्हटलं तर ठिवायचे नाय.”

“म्हणजे दुसऱ्या घरी ते म्हणत नाहीत?”

“दुसऱ्या घरी तुम्ही होता व्हय?”

बायकोच्या हातचा थेंब वहिनींच्या गालावर पडला.

“त्येंनी मागितलं तवा म्हटलं, सगळं घ्या, ह्ये माझं नाय. भावजींचं हाय, त्यांना इचारा. तुम्हाला द्यायचं असंल तर देऊन टाका.”

मी नाही दिलं. त्या कडव्यातले शब्द इथंही लिहीत नाही. अर्थ एवढाच की वहिनी दिव्याला सांगतात, दिरानं पाटी काखेत धरली आहे, तिच्यावर घडीभर थांब. मी ए विंगेत गेलो आणि सांगितलं, “ते कडवं नाही मिळणार. पण शेवटच्या ‘होऽ’नंतर एका कडव्याइतकी जागा रिकामी ठेवा. आणि तेवढा वेळ दिवा आमच्या बाल्कनीत थांबू द्या.”

“बी विंगेत?”

“हो.”

“आणि वाजणार काहीच नाही?”

“काहीच नाही.”

त्यांनी लॅपटॉप उघडला. “बरं. केबल तेवढी तुम्ही ओढा.” का, कशासाठी, काहीही विचारलं नाही. असं न विचारता ‘बरं’ म्हणणं मला कधी जमलं नसतं. त्याचाही हेवा वाटला.

वसुबारसेला अंधार पडताच पार्किंग भरलं. पहिलं गाणं आमच्या विंगेचं. ठेका आणि दिवा यांत केसाचंही अंतर नव्हतं. सगळी इमारत लाल-निळी उसळत होती, लोक शिट्ट्या मारत होते. मी वहिनींकडं बघितलं. त्या खुर्चीत खाली मान घालून बसल्या होत्या, काळ्या चष्म्यावरून पदर ओढून. शेजारी त्या बँकवाल्यांच्या आईनं त्यांचा हात धरला होता.

गाणं संपल्यावर त्यांनी पदर बाजूला केला. “झालं का भावजी?”

“झालं.”

“चांगलं होतं. मोठं होतं लई.”

मग सगळे दिवे गेले. ए विंगेच्या एका कोपऱ्यात एक पिवळा दिवा लागला आणि वहिनींचा आवाज आला. पहिल्या ‘होऽ’ला कुणीच साथ दिली नाही. दुसऱ्याला गेटवरचा वॉचमन ओरडला, तो बिडकीनकडचा होता. तिसऱ्याला निवृत्त तलाठी, आणि मग ज्यांची ज्यांची गावं मागं राहिली होती ते सगळे. दिवा प्रत्येक ‘होऽ’ला एक बाल्कनी पुढं जात होता. वहिनींनी मान वर केली होती. तेवढा उजेड त्यांना सोसत होता.

बैलाचं कडवं झालं. शेवटचा ‘होऽ’ झाला आणि दिवा पार्किंग ओलांडून आमच्या बाल्कनीत येऊन थांबला. स्पीकर गप्प.

“अडकलं वाटतं,” मागून कुणीतरी म्हणालं. सोसायटीचे अध्यक्ष उठायला लागले. बँकवाल्यांनी हात वर करून त्यांना बसवलं.

मी दिव्याकडं बघत नव्हतो. वहिनींच्या ओठांकडं बघत होतो. ते हलत होते.

मग दिवा विझला आणि टाळ्या सुरू झाल्या. आमच्यापेक्षा जास्त. लोकांनी बँकवाल्यांनाच गराडा घातला, कारण गाणं त्यांच्या विंगेचं होतं. वहिनी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेल्या, त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मी तिकडं पाठ करून केबल गुंडाळायला लागलो.

दिवाळी झाल्यावर मी वहिनींना वैजापूरला सोडायला गेलो. बसस्टँडवर त्यांनी चष्मा काढून भिंतीवरच्या पाट्या वाचून बघितल्या, एकेक अक्षर सुटं करून. मग म्हणाल्या, “नीट दिसाया लागलं, भावजी. आता पत्र टाका. फोन लावला की सगळं घर कान लावतंय. वाचून बघते.” त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. घरी आल्यावर मी हे पत्र टाकलं.

वहिनी,

अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. पाटीवर काढायचो तसं. नीट लागतंय का बघा. डोळ्यात पाणी आलं तर वाचन थांबवा आणि थेंब घाला. धुराजवळ बसू नका.

मी पोहोचलो. टँकर अजून येतोच आहे. दादाला सांगा, छावणी उठली की मला कळव, मी जनावरं आणायला येतो. मोरीची नात माझं ऐकणार नाही, पण येतो.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. तुम्ही त्यांना गाणं दिलंत तेव्हा मी रागावलो होतो, ते तुम्ही ओळखलंच असेल. मला त्या माणसाचा हेवा वाटतो. बऱ्याच दिवसांपासून वाटतो. तुम्ही त्यांच्या गालावरून हात फिरवलात तेव्हाही वाटला. तुम्ही म्हणाल, एवढा बाप्या झाला तरी पोरकटपणा जाईना. नाही जात.

काल मी त्यांच्या घरी जाऊन तुमच्या गाण्याचं रेकॉर्डिंग मागून आणलं. त्यांनी लगेच दिलं, वर चहा पाजला. त्यांच्या आई तुमची आठवण काढतात. आता ते गाणं माझ्याकडं आहे, सगळ्या ‘होऽ’सकट. शेवटच्या कडव्याची जागा रिकामी आहे. ती तशीच राहू देणार आहे.

तुम्ही विचारलं होतं, तुम्ही कवा मागितलं. तर आता मागतो. शाळा, कॉलेज, सगळं तुम्ही मी न मागता दिलंत, त्यामुळं मागायची सवयच लागली नाही. पुढच्या वसुबारसेला मी गावाकडं येतो. गोठा भरलेला असो नसो. तुम्ही ते कडवं म्हणा, मी दिवा धरतो. मशीन आणणार नाही.

पाटी आता राहिली नाही. काखेत काय धरू, तेवढं कळवा.

तुमचा,
भावजी